पाणी कोमट, वारा गार: कोल्हापुरातल्या कयाकिंगसाठी वेटसूटची निवड

थंडीच्या दिवसांत पहाटे पंचगंगा घाटावर उभं राहिलं की नदीवरून वाफा निघताना दिसतात. याचा अर्थ सरळ आहे: पाणी हवेपेक्षा उबदार आहे. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची पहाट १४-१५ अंशांपर्यंत उतरते, पाणी मात्र त्याहून बरंच वर असतं. वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा, अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यात आधी ही गोष्ट नीट समजून घेतली. बाहेरच्या कंपन्यांचे तक्ते फक्त पाण्याचं तापमान बघून सूटची जाडी सांगतात. त्या हिशोबाने आपल्या नद्या-तलावांना वेटसूट लागायलाच नको. तरीही तासभर वल्हवून झाल्यावर रंकाळ्यावर वारा सुटला की दातावर दात आपटतात. ही थंडी ओल्या अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्याची असते.

एक लिटर पाणी अंगावरून वाळून जायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. त्यातली काही हवेतून मिळते, बरीचशी अंगातून जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने ओला टी-शर्ट घातलेला माणूस गारठतो. सुती कापड पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि वाळेपर्यंत ऊब खेचत राहतं. म्हणून वेटसूट घ्या किंवा नका घेऊ, सुती बनियन आणि जीन्स पाण्यावर नकोतच. पॉलिस्टर किंवा लायक्राचा अंगाला चिकटून बसणारा टॉप, ज्याला दुकानात रॅश गार्ड म्हणतात, तो पहिल्यांदा घ्यावा. निम्म्या जणांचं काम तेवढ्यावरच भागतं.

पाण्याचं तापमान अंदाजपंचे धरायचं नाही. फिश टँकचा साधा थर्मामीटर दोरीला बांधून कोपरभर खोल सोडायचा, तीन मिनिटं थांबायचं आणि आकडा तो पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढला की हवेने आकडा लगेच बदलतो. काठावरचं उथळ पाणी उन्हाने तापलेलं असतं, त्यामुळे मोजणी जिथे नाव चालवायची तिथेच करावी. राधानगरी किंवा काळम्मावाडीसारख्या खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि खालचं पाणी गार राहतं. तळाकडून सोडलेलं पाणी म्हणूनच धरणाखालच्या नदीत हाताला गार लागतं. (जलाशयात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी, आणि राधानगरीचा परिसर अभयारण्याचा असल्यामुळे वन विभागाकडेही विचारावं.)

आकडा हातात आला की हिशोब सोपा होतो. साधारण २१ अंशांच्या वर पाणी असेल तर निव्वळ पाण्यासाठी वेटसूटची सक्ती नाही. वाऱ्याचा विचार वेगळा करायचा. २१ च्या खाली सावध राहायचं. १५ च्या खाली वेटसूटशिवाय उतरायचंच नाही, मग ऊन कितीही पडलेलं असो. आपल्याकडचे बरेच जण शिकून झाल्यावर ऋषिकेशला गंगेवर जातात, तिथे हा नियम जिवाचा होतो. मे महिन्यात काठावर घामाच्या धारा लागतात, आणि नदी हिमालयातल्या बर्फाचं पाणी घेऊन येत असते. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात छाती आवळते आणि अनावर धाप लागते. नेमक्या त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ फुफ्फुसात जातं. धाप आवरली तरी पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत बोटं आणि दंड ऐकेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही इथेच अडकतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली जाणं, म्हणजे हायपोथर्मिया, त्याच्याही नंतरची पायरी. कपडे हवेसाठी घालायचे नाहीत, पाण्यासाठी घालायचे, हे कयाकिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते याचसाठी.

आता सूटकडे. निओप्रीन हे कृत्रिम रबर. ते १९३० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत तयार झालं. वेटसूटसाठी त्याचा फेस करतात, आणि त्या फेसात वायूचे बारीक, एकमेकांपासून बंद असलेले बुडबुडे राहतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी ओळखलं की या बुडबुड्यांनीच ऊब टिकते, त्यासाठी आतला माणूस कोरडा असायची गरज नाही. सूटच्या आत शिरलेलं पाणी ऊब देतं असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. ते पाणी तापवायला आपल्याच अंगातली उष्णता खर्च होते. म्हणून ते जितकं कमी आणि जितकं जागच्या जागी राहील तितकं चांगलं. सूट ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला तापलेलं पाणी बाहेर जातं आणि गार पाणी आत येतं. असा ५ मिमीचा सूट अंगावर चपखल बसलेल्या ३ मिमीच्या सूटपेक्षा वाईट. जाडीपेक्षा माप महत्त्वाचं, एवढं पक्कं डोक्यात ठेवून आम्ही खरेदीला लागलो.

तारकर्लीला स्कूबा केलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेटसूट म्हणजे पूर्ण बाह्यांचा, पाठीला झिप असलेला काळा सूट येतो. तो डायव्हिंगचा. कयाकमध्ये बसून मिनिटाला पन्नास वेळा वल्हं मारलं तरी तासाला तीन हजार वेळा खांदा फिरतो, आणि दर वेळी काखेतलं निओप्रीन ताणावं लागतं. तासाभरात दंड भरून येतात, काखेत सोलवटतं. पाठीची झिप कयाकच्या टेकणीला घासते, आणि तिची लांब दोरी लाइफ जॅकेटखाली अडकून बसते. कयाकिंगसाठी बिनबाह्यांचा, पाय पूर्ण झाकणारा, छातीवर झिप असलेला सूट बनतो. त्याला फार्मर जॉन किंवा लाँग जॉन म्हणतात. धड, कंबर आणि मांड्या उबदार राहतात, खांदे मोकळे. त्याच्या आत रॅश गार्ड आणि वरून वारा अडवणारं पॅडलिंग जॅकेट, ज्याच्या मनगटाला आणि गळ्याला आवळता येणाऱ्या पट्ट्या असतात. पाऊस, वारा, उडणारं पाणी या तिन्हींवर उत्तर म्हणजे हे जॅकेट. कोल्हापूरपुरतं बोलायचं तर पैसे मोजकेच असतील तेव्हा आधी जॅकेट घ्यावं आणि सूट नंतर, असं माझं ठाम मत आहे.

जाडीचं गणित असं. आपल्या भागात थंडीतल्या सकाळी आणि पावसाळी वाऱ्यात २ मिमी पुरतो. ऋषिकेशसारख्या ठिकाणीही तोच सूट न्यायचा असेल तर ३ मिमी घ्यावा. लेबलवर ३/२ लिहिलं असेल तर धडाला ३ मिमी आणि हातापायांना २ मिमी असं समजायचं. ५ मिमीच्या मोहात पडू नये. वाकताना पोटाशी घडी पडते आणि धड वळवणं जड जातं. कयाकचा सगळा जोर तर धड वळवण्यातूनच येतो. पूर्ण कोरडं ठेवणारा ड्राय सूट, ज्याच्या गळ्याला आणि मनगटाला लेटेक्सच्या पट्ट्या असतात, तो इथे कामाचा नाही. त्याची किंमत वेटसूटच्या कितीतरी पट असते, आणि आपल्या हवेत तो आतून घामानेच भिजतो.

कापडाचा पृष्ठभाग हाही बघण्याचा भाग आहे. बाहेरून गुळगुळीत रबर असलेल्या सूटवर पाणी थांबत नाही, त्यामुळे वाऱ्यात तो कमी गार पडतो. पण नख लागलं तरी फाटतो, आणि खडबडीत घाटावर बसलं की संपला. दोन्ही बाजूंनी नायलॉन चिकटवलेला सूट दणकट असतो, मात्र त्याचं बाहेरचं कापड पाणी धरतं. वर जॅकेट येणार असेल तर हा दोष झाकला जातो, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी नायलॉनवाला घेतला. गुडघ्यावर आणि बैठकीवर जादा थर आहे का, हेही पाहिलं. कयाकमध्ये गुडघे आतून कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोबणीच्या, कडेला टेकलेले असतात, त्यामुळे सूट पहिल्यांदा झिजतो तो तिथेच.

शिवण उलटून बघावी. कडा एकत्र गुंडाळून शिवलेली ओव्हरलॉक शिवण आतून जाड कणा उभा करते आणि घासते. फ्लॅटलॉकमध्ये कडा सपाट बसते, अंगाला मऊ लागते, पण सुई आरपार गेलेली असल्यामुळे भोकांतून पाणी येतं. आपल्या कोमट पाण्याला फ्लॅटलॉक चालते. थंड नद्यांसाठी कडा आधी चिकटवून मग वरवर शिवलेली शिवण हवी, जिच्यात सुई पलीकडे जात नाही. ओळखायची खूण सोपी: बाहेरून टाका दिसतो, आतून त्या जागी दिसत नाही.

माप घेताना बहुतेक जण छाती आणि उंची देऊन मोकळे होतात. त्याने भागत नाही. टेपने छाती, कंबर, नितंब आणि उंची घ्यावी, आणि त्याबरोबर धडाचा वेढा: खांद्याच्या मध्यावरून टेप पुढून खाली, दोन्ही पायांमधून पाठीमागून परत त्याच खांद्यावर. हे माप दुसऱ्या माणसानेच घ्यावं लागतं. कंपन्यांचे तक्ते परदेशी बांध्यावर बेतलेले असतात. छाती मीडियमची आणि धड स्मॉलचं असं आपल्याकडे नेहमी होतं. धडाचा वेढा कमी पडला तर सूट खांद्यांना खाली ओढतो आणि बसल्यावर मानेवर काचतो. जास्त झाला तर कमरेच्या वरच्या खळग्यात फुगा राहतो आणि पाणी साचतं. काही कंपन्या आखूड आणि लांब धडाची वेगळी मापं ठेवतात. ती मिळाली तर घ्यावीत.

बहुतेकांना सूट ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून लेबल न काढता घरी लावून बघणं हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. अंगठ्या आणि घड्याळ काढायचं, नखं कापायची. कोरड्या पायावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सुळकन आत सरकतो. नखांनी चिमटून ओढायचं नाही. बोटांच्या पेरांनी धरून थोडं थोडं वर सारायचं. घोटे जागेवर, मग गुडघे, मग मांड्या, आणि सूट जांघेत पूर्ण वर बसल्याशिवाय खांदे चढवायचे नाहीत. बहुतेक वेळा खांद्याला कमी पडतोय असं वाटतं तेव्हा गोची खाली मांडीवर असते. लावायला दहा मिनिटं लागली आणि कपाळावर घाम आला तर माप बहुधा बरोबर आहे. पाण्यात सूट थोडा सैलावतो, त्यामुळे कोरडा असताना तो घट्टच वाटला पाहिजे.

मग फरशीवर बसायचं. पाय पुढे, गुडघे जरा वाकवून बाहेर, हातात वल्हं किंवा झाडूचा दांडा. दोन्ही बाजूंना पूर्ण वळून वीस-पंचवीस वेळा वल्हवल्यासारखं करायचं. खोल श्वास घेऊन बघायचा. बरगड्यांना अडथळा आला तर सूट लहान आहे. हात वर करून कोणाला तरी काखेखाली आणि कमरेमागे बोट घालून बघायला सांगायचं. चिमटीत निओप्रीन सहज जमा झालं तर तिथे पाणी खेळणार. गुडघ्यामागे घडी पडून पोटरीला मुंग्या येतात का तेही बघायचं. शेवटी त्यावर लाइफ जॅकेट चढवून सगळे पट्टे आवळायचे आणि पुन्हा बसायचं. निओप्रीन तरंगतं म्हणून लाइफ जॅकेट नको, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. सूटने बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहत नाही. शिवाय लाइफ जॅकेटचा फोम छातीला सगळ्यात स्वस्तात ऊब देतो.

पायांकडे दुर्लक्ष होतं. कयाकच्या तळाशी नेहमी थोडं पाणी असतं आणि टाचा त्यातच राहतात. ३ मिमीचे, रबरी तळ असलेले निओप्रीनचे बूट पुरतात, पण ते आवळणारे नकोत. रक्त फिरेना झालं की जाड बुटातही बोटं गार पडतात. नाव घेण्याआधी बूट घालून पाय आत मावतात का तेही बघावं. हातमोज्यांनी दांड्यावरची पकड जाड होते आणि कोपराखालचे स्नायू लवकर दमतात. त्यापेक्षा वल्ह्याच्या दांड्यावरच बसणारी पिशवी, पोगी, बरी: हात आत घातला की वारा लागत नाही आणि बोटं दांड्यावर मोकळीच राहतात. कोल्हापुरात दोन्ही क्वचित लागतात. डोक्याला हेल्मेटखाली पातळ निओप्रीनची टोपी. डोक्यातून निम्मी उष्णता जाते हे चुकीचं आहे, ती डोक्याच्या आकाराच्या मानाने दहा टक्क्यांच्या आसपास जाते. पण कानात एकदम गार पाणी गेलं की चक्कर येते आणि उलट्या नावेत दिशा कळेनाशी होते, त्यासाठी टोपी हवी.

नाव कोणती यावरही वरचं सगळं ठरतं. वर बसून चालवायच्या कयाकमध्ये तळाच्या भोकांतून पाणी येत-जात राहतं, बैठक कायम ओली, आणि वारा चारी बाजूंनी. तिथे खालचं अंग झाकणं जास्त गरजेचं. आत बसायच्या कयाकला स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसून नावेचं तोंड झाकणारं कापड, लावला की पाय कोरडे राहतात आणि सगळी थंडी छाती-खांद्यांवर येते.

पहिली पाण्यातली चाचणी नदीच्या धारेत करू नये. उन्हं वर आल्यावर, शांत आणि कमरेएवढ्या पाण्यात, सोबत माणूस ठेवून करावी. आधी नुसतं गळ्यापर्यंत बसायचं. पाणी कुठून शिरतं ते गार रेघेसारखं स्पष्ट जाणवतं: बहुधा मान, काख किंवा कंबर. एक-दोन मिनिटांत ती रेघ कोमट झाली पाहिजे. हात हलवताच पुन्हा गार लाट आली तर माप सैल आहे. मग नाव मुद्दाम उलटून बाहेर यायचं आणि पुन्हा चढून बघायचं. सूटमध्ये पाय जास्त तरंगतात, चढण्याची सवय बदलावी लागते. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांपासून मात्र हे सगळं लांब ठेवावं. बर्ग्यांवरून, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्यांवरून, पाणी पडत असेल तेव्हा खालच्या बाजूला पाणी उलटं फिरतं आणि माणसाला परत भिंतीकडे ओढतं. तिथे कोणताही सूट कामाला येत नाही. पुरात तर उतरायचंच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असताना कयाक बाहेर काढणं हा वेडेपणा आहे.

आपल्याकडे उलटा धोकाही तितकाच खरा आहे. नऊ वाजता ऊन चढलं की काळ्या ३ मिमीच्या सूटमध्ये अंग तापतं. डोकं ठणकणं, मळमळ, घाम असूनही अंगावर काटा ही लक्षणं दिसली की झिप उघडायची, पाण्यात डुबकी मारायची, तरी बरं वाटेना तर सावलीत जाऊन सूट उतरवायचा. इथे कोल्हापुरात मार्च ते मे सूट घरीच ठेवावा, रॅश गार्ड आणि हाफ पँट पुरते.

थंडी चढत असल्याची खूण गारठलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही, सोबत्याला कळते. तो चिडचिड करतो, बोलताना जीभ जड होते, स्कर्टचा पट्टा बोटांनी सापडत नाही. कुडकुडणं सुरू असेपर्यंत शरीर झगडत असतं. ते गरम न होताच थांबलं तर परिस्थिती गंभीर आहे, दवाखाना गाठायचा. त्याआधी वाऱ्याआड न्यायचं, ओलं काढायचं, टिपून कोरडं करायचं. हातपाय चोळायचे नाहीत; कडेचं गार रक्त हृदयाकडे ढकललं जातं. शुद्धीवर असेल तर गुळाचा गरम चहा, दारू अजिबात नाही, कारण तिने कातडीकडे रक्त धावतं आणि आतली ऊब निघून जाते. काठावर कपडे बदलायला धनगरी घोंगडं उत्तम. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, वारा अडवते, आणि आडोसाही होतो. आधी डोकं पुसायचं, मग वरचं अंग कोरडं करून कपडा चढवायचा, सूटचा खालचा भाग सगळ्यात शेवटी.

घरी आल्यावर सूट साध्या गार पाण्यात दोनदा खंगाळायचा, आतून आणि बाहेरून. वॉशिंग मशीन, गरम पाणी, ब्लीच, इस्त्री यातलं काही नको. वास आलाच तर बाळांचा सौम्य शाम्पू. आतली बाजू बाहेर करून सावलीत, कमरेत दुमडून जाड दांडीवर वाळवायचा. खांद्याला तारेचा हँगर लावला तर भिजलेल्या वजनाने खांदे लांबतात. उन्हात आणि गाडीच्या डिकीत निओप्रीन कडक होऊन तडकतं. काचण्यावर व्हॅसलिन लावायची सवय असेल तर सोडावी, पेट्रोलियम जेली चिकटवलेल्या शिवणींना मानवत नाही. काचणं थांबवायला आतला रॅश गार्ड पुरेसा आहे.

नखाने पडलेली फट लगेच बुजवावी, ती वाढत जाते. सूट पूर्ण वाळल्यावर फटीच्या दोन्ही कडांना निओप्रीन सिमेंटचा, म्हणजे निओप्रीन चिकटवायच्या गोंदाचा, पातळ हात द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, दुसरा हात द्यायचा, आणि बोटाला तार येण्याइतकं चिकट झालं की कडा नेमक्या जुळवून दाबायच्या. घाईने ओलं असतानाच जुळवलं तर कडा सरकतात आणि वाळल्यावर सुटतात. नंतर चोवीस तास सूट वाकवायचा नाही, ओला करायचा नाही. गुडघा किंवा बैठकीवरची फट असेल तर आतून दोन बोटं रुंद नायलॉनची पट्टीही त्याच सिमेंटने लावावी, कारण तिथे ताण प्रत्येक वल्ह्याला येतो.